बंद जागेत शूटिंग करताना सुरक्षितता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान छोट्या युनिटसाठी आहे. भाड्याचा हॉल, एमआयडीसीतलं रिकामं गोडाऊन, कुणाच्या तरी मामाचा बंगला, कॉलेजचं सभागृह, फ्लॅटच्या एका खोलीत थाटलेला पॉडकास्ट स्टुडिओ, अशा जागांत शूट करणाऱ्यांना जे प्रश्न पडतात ते इथे घेतले आहेत. मोठ्या स्टुडिओत सुरक्षेसाठी वेगळा माणूस असतो, निदान असायला हवा. छोट्या युनिटमध्ये ते काम प्रॉडक्शनवाल्याच्या गळ्यात पडतं आणि त्याला त्याच वेळी टेम्पो, नाश्ता आणि कलाकारांची गाडीही बघायची असते.

बाहेर शूट करण्यापेक्षा आत करणं सुरक्षितच नाही का?

पाऊस नाही, रहदारी नाही, बघ्यांची गर्दी नाही, इतपत बरोबर. पण प्लायवूड, बत्ते (लाकडी पट्ट्या), थर्माकोल, पडदे, रंग आणि थिनर एका छपराखाली आणायचं, त्याच्या डोक्यावर तापणारे दिवे टांगायचे, खिडक्या काळ्या कापडाने बंद करायच्या आणि आत चाळीस-पन्नास माणसं उभी करायची, याला सुरक्षित म्हणणं धाडसाचं आहे.

8 फेब्रुवारी 1989 रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत टिपू सुलतानवरच्या दूरचित्रवाणी मालिकेचं शूटिंग चालू असताना आग लागली आणि 62 माणसं गेली. ढिलं वायरिंग, हवा खेळायला वाट नाही, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावलेली गोणपाटं आणि आग विझवायला वाळू-पाण्याच्या बादल्या, असं तिथलं चित्र होतं. यातली कुठली गोष्ट आज बघायला मिळत नाही, सांगा. 16 सप्टेंबर 2017 ला चेंबूरच्या आर. के. स्टुडिओत आग लागली. जीवितहानी झाली नाही, पण जुन्या चित्रपटांचे जपून ठेवलेले कपडे आणि वस्तू जळाल्या. 29 जुलै 2022 ला अंधेरीत एका चित्रपटाच्या सेटला लागलेल्या आगीत एकाचा जीव गेला.

तपासणी कधी करायची? शूटच्या दिवशी सकाळी एकदा बघितलं तर चालेल ना?

नाही चालणार. शूटिंगची जागा दिवसातून चार वेळा बदलते. सकाळी मोकळं असलेलं दार दुपारी फ्लॅटमागे, म्हणजे सेटच्या उभ्या केलेल्या खोट्या भिंतीमागे, जातं. मास्टर शॉटला (सगळा सीन एकत्र दिसतो त्या शॉटला) भिंतीलगत असलेली केबल क्लोजअपच्या वेळी वाटेच्या मधोमध येते. म्हणून निदान तीनदा: जागा रिकामी असताना, सेट आणि लाइट उभे राहिल्यावर, आणि त्यानंतर सीन, सेट किंवा लाइटिंग बदलेल त्या प्रत्येक वेळी. शेवटच्या प्रकाराला पाच मिनिटंही पुरतात, फक्त ती पाच मिनिटं कॉलशीटवर (त्या दिवसाच्या शूटच्या वेळापत्रकावर) लिहिलेली हवीत. लिहिलेली नसली की ती मिळत नाहीत, हा सगळ्यांचाच अनुभव आहे.

रिकामी जागा बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

लोकेशन बघायला जाणारे बहुतेक जण मोबाइलमधून फ्रेम बघत फिरतात. एक फेरी मोबाइल खिशात ठेवून मारा.

बाहेरूनच सुरू करा. अग्निशमन दलाची गाडी दारापर्यंत येईल का? गल्लीत दुचाकी दाटीने लावतात का? मग दारं मोजा. बाहेर जाण्याच्या किमान दोन वाटा हव्यात आणि त्या एकमेकींपासून लांब हव्यात. शेजारी-शेजारी दोन दारं असली तर आगीच्या वेळी ती एकच वाट. प्रत्येक दार स्वतः उघडून बघा. मालक "ते दार आहे ना" म्हणतो आणि त्या दारामागे तीन वर्षांपासून लग्नाच्या मांडवाचे बांबू रचलेले असतात.

नंतर वर बघा. पत्रा गळतो का, पंख्याचा हुक हलतो का, पीओपीला तडे गेलेत का. छताला काहीही टांगायचं असेल तर ते छत किती वजन पेलतं हे कुणीतरी जबाबदार माणसाने सांगायला हवं. पीओपीच्या खोट्या छताला तर काहीच टांगायचं नाही. मग खाली: गोडाऊनच्या जमिनीत खड्डे, उघडी गटारं आणि मशीन काढून नेल्यावर राहिलेले बोल्ट असतात. जुन्या कारखान्यात छपराचे पत्रे सिमेंटचे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यांना भोकं पाडायची नाहीत, घासायचं नाही, वर चढायचं तर अजिबात नाही. ते पत्रे पायाखाली फुटतात.

शेवटी मेन स्विच कुठे आहे ते बघा आणि त्याचा फोटो युनिटच्या ग्रुपवर टाका.

धोक्यांची नोंद कशी लिहायची? नमुना मिळेल का?

मोठे फॉर्म भरण्यात अर्थ नाही. धोका काय, कुणाला, किती शक्यता, किती इजा, उपाय काय, कोण करणार, कधीपर्यंत, एवढं पुरतं. शक्यतेला 1 ते 5 आणि इजेला 1 ते 5 गुण द्या, गुणाकार करा. एक नोंद अशी दिसेल:

*किचन सेटच्या मागे दोन केबल चालण्याच्या वाटेवर. कुणाला: चहाचा ट्रे घेऊन येणारे स्पॉट दादा, अंधारातून टचअपला धावणाऱ्या मेकअपच्या ताई. शक्यता 4, इजा 3, एकूण 12. उपाय: केबल भिंतीलगत फिरवणे, दाराशी रबरी रॅम्प, वाटेत एक छोटा दिवा. जबाबदारी: लाइटचे हेड. कधी: पहिल्या शॉटआधी. झालं, 8.40. आता 1 गुणिले 3, म्हणजे 3.*

गुण 3 द्यायचे की 4, यावर वाद घालत बसू नका. आकडे फक्त कुठलं काम आधी हे ठरवायला आहेत. मात्र इजेला 5 गुण असतील, म्हणजे जीव जाऊ शकत असेल, तर शक्यता 1 असली तरी उपाय करायचाच.

उपायांचाही क्रम असतो. आधी धोकाच काढून टाकता येतो का बघा. नाही जमलं तर त्याऐवजी सौम्य काही वापरा, मग माणूस आणि धोका यांच्यामध्ये आडोसा घाला, मग नियम करा आणि हातमोजे-हेल्मेट सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. "सांभाळून रे" असं ओरडून झालं की उपाय झाला असं समजतात.

घरच्या मीटरवर किती लाइट चालतील?

हिशेब सोपा आहे: एकूण वॅट भागिले 230, म्हणजे अँपिअर. बंगल्यात सिंगल फेज असेल आणि मेनला 32 अँपिअरचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) असेल, असं धरू. तुमच्याकडे 1000 वॅटच्या दोन बेबी (लहान दिवे), 2000 वॅटचा एक टंगस्टन, 1200 वॅटचा एक एचएमआय (दिवसासारखा प्रकाश देणारा दिवा) आणि शंभर-शंभर वॅटचे चार एलईडी पॅनल आहेत. बेरीज 5600 वॅट, म्हणजे साधारण 24 अँपिअर. लागोपाठ तासन् तास चालणारा लोड एमसीबीच्या 80 टक्क्यांच्या आत ठेवायचा असा संकेत आहे. 32 चे 80 टक्के म्हणजे साडेपंचवीस. बसलं.

पण कॉस्च्युमची इस्त्री 1000, चहाची किटली 1500 आणि वरच्या खोलीतला दीड टनाचा एसी 1600 कुणी धरलाच नव्हता. आता बेरीज 9700 वॅट, 42 अँपिअर. हिशेब लाइटच्या यादीवरून होतो आणि एमसीबी पडतो तो किटलीमुळे, असं नेहमी घडतं. शिवाय जुन्या प्रकारच्या बॅलास्टचा (दिव्याचा करंट सांभाळणाऱ्या खोक्याचा) एचएमआय लिहिलेल्या वॅटपेक्षा बराच जास्त करंट ओढतो, त्यामुळे साडेपंचवीसच्या आत बसलेला हिशेबही काठावरचाच समजा.

एमसीबी सारखा पडतोय म्हणून मोठा एमसीबी बसवणारे वायरमन भेटतात. त्यांना नम्रपणे घरी पाठवा. एमसीबी भिंतीतल्या वायरचं रक्षण करतो. तो बदलला आणि वायर तीच राहिली, तर पुढच्या वेळी एमसीबीऐवजी वायर जळते. लोड जास्त असेल तर महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या किंवा जनरेटर मागवा.

जनरेटर कुठे उभा करायचा?

इमारतीबाहेर, मोकळ्यावर, खिडक्या आणि एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांब. आवाज येतो म्हणून तो शेडमध्ये, तळघरात किंवा बंद पार्किंगमध्ये ढकलायचा नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय असं दोघं-तिघं एकदम म्हणायला लागले तर ॲसिडिटीची गोळी न शोधता सगळ्यांना बाहेर काढा.

एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड जोडला तर?

नाही.

आणि ड्रमवाली लांब केबल?

ती चालेल, पण पूर्ण उलगडून. गुंडाळलेल्या केबलवर मोठा लोड दिला की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन वितळतं. वापरायची पाच मीटर असली तरी सगळी सोडा आणि उरलेली कोपऱ्यात सैल पसरून ठेवा. जोड आला तर तो कारपेटखाली, पडद्यामागे किंवा ओल्या जमिनीवर नको. टेपने गुंडाळलेला जोड म्हणजे जोड नव्हे, तिथे व्यवस्थित प्लग-सॉकेट हवं.

आरसीसीबी म्हणजे काय आणि भाड्याच्या जागेत ती नसेल तर?

बरेच वायरमन तिला अजून ईएलसीबीच म्हणतात. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवते. कुणाच्या अंगातून करंट जमिनीत जायला लागला की ती काही मिलिसेकंदांत लाइन तोडते. माणसांच्या सुरक्षेसाठी 30 मिलिअँपिअरची लागते. 100 किंवा 300 ची असेल तर ती आगीपासून संरक्षणाला ठीक, शॉकपासून नाही. जागेत नसेल तर आरसीसीबी बसवलेला फिरता बोर्ड लाइटवाल्यांकडून मागवा. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते रोज सकाळी दाबायचं. पडली तर चांगली, नाही पडली तर तो बोर्ड बाजूला.

जुन्या बंगल्यांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण आत अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून बघून घ्या. लाइटचे स्टँड आणि बॉडी धातूची असते, त्यामुळे हे टाळून चालत नाही. बाथरूमच्या किंवा पावसाच्या सीनला, म्हणजे पाणी असेल तिथे, शक्यतो बॅटरीवरचे एलईडी वापरा.

सेट लावल्यावर दारं झाकली जातात. मग काय करायचं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. सेट म्हणजे इमारतीच्या आत बांधलेली दुसरी इमारत, आणि ती बांधताना पहिलीच्या वाटा बंद होतात.

आर्टच्या, म्हणजे सेट बनवणाऱ्या, माणसांसोबत सेटचा नकाशा बनतानाच दारं त्यावर लाल शाईने काढा. फ्लॅट आणि मूळ भिंत यांच्यामध्ये गल्ली सोडायची, तीही इतकी रुंद की दोन माणसं स्ट्रेचर घेऊन जातील. निदान चार फूट धरा. या गल्लीत काय-काय जमतं ते एकदा टॉर्च घेऊन बघा: फ्लॅटचे तिरके टेकू, वाळूच्या गोण्या, उरलेलं प्लाय, थिनरचा अर्धा डबा, रिकामे लाइटचे खोके, प्रॉपर्टीची (सीनमध्ये वापरायच्या वस्तूंची) ट्रंक आणि ट्रंकेवर झोपलेला एखादा सेटिंग दादा. रोज सकाळी ही गल्ली मोकळी करणं हे एका ठरावीक माणसाचं काम असायला हवं. जमिनीवर पांढऱ्या टेपने पट्टे मारले की तिथे सामान ठेवायला लोक थोडे तरी बिचकतात.

टेक चालू असताना कुणी आत येऊ नये म्हणून दाराला आतून कडी किंवा बाहेरून कुलूप लावण्याची सवय आहे. ती मोडा. दाराशी माणूस उभा करा, बाहेर लाल दिवा लावा. बाहेर जाण्याच्या खुणा अंधारात चमकणाऱ्या हव्यात, कारण आग लागली की पहिल्यांदा लाइट जाते आणि काळ्या कापडाने बंद केलेल्या फ्लोअरवर भर दुपारीही हाताला हात दिसत नाही.

आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे किंवा फोम लावलाय. चालेल?

यूट्यूब आणि पॉडकास्टवाल्यांचा हा लाडका उपाय. अंड्यांचे ट्रे म्हणजे वाळका कागदाचा लगदा. आवाजावर त्यांचा उपयोग नगण्य आणि पेटायला एक ठिणगी पुरे. साधा गादीचा फोम त्याहून वाईट. तो भराभर जळतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. लहान खोलीत या धुराचे दोन-चार श्वास माणसाला आडवं करायला पुरतात, ज्वाळा त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आधीच. म्हैसूरच्या गोणपाटांची ही आजची आवृत्ती.

त्याऐवजी लाकडी चौकटीत रॉकवूल किंवा ग्लासवूल भरून वर अग्निरोधक प्रक्रिया केलेलं कापड ताणा. हे दोन्ही पदार्थ जळत नाहीत. त्यांचे तंतू कातडीला आणि श्वासाला त्रास देतात, म्हणून कापताना मास्क आणि हातमोजे हवेत. विकणारा "फायरप्रूफ फोम आहे" म्हणाला तर चाचणीचा दाखला मागा. कुठल्याही कापडाची पट्टी घराबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला, बादली जवळ ठेवून चिमट्यात धरून पेटवून बघणं हीही एक झटपट परीक्षा आहे. आच काढल्यावर ते विझतं की जळतच राहतं, एवढं कळलं तरी पुष्कळ. सुती पडद्यांना बोरॅक्स-बोरिक ॲसिडचा जुना उपाय चालतो, पण पडदा धुतला की तो निघून जातो.

लाइट स्टँड पडू नयेत म्हणून काय करावं?

तीन पायांपैकी एक पाय वजनाच्या दिशेने ठेवा आणि वाळूची पिशवी पायावर अशी टाका की ती जमिनीला न टेकता वजन देईल. पूर्ण उंचीच्या स्टँडला एक पिशवी पुरत नाही. डोक्यावरच्या प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी पोलादी सेफ्टी वायर हवी. फ्लॅप (दिव्यापुढच्या झडपा), फिल्टर, जे काही सुटून पडू शकतं त्यालाही.

हॅलोजनचे दिवे काही शे अंशांपर्यंत तापतात. कापड, कागद, थर्माकोल निदान मीटरभर लांब ठेवा आणि जिलेटिन पेपर थेट काचेवर चिकटवू नका. एचएमआयची पुढची काच तडकली असेल तर तो दिवा लावायचाच नाही. अतिनील किरण अडवण्याचं काम तीच काच करते. ती नसेल तर डोळे आणि कातडी भाजते. आणि आता एलईडी इतके स्वस्त झाल्यावर छोट्या खोलीत 2 किलोवॅटचा टंगस्टन लावण्याचा हट्ट कशासाठी, हे मला तरी समजलेलं नाही.

मोठ्या क्रेनबद्दल एवढंच: 19 फेब्रुवारी 2020 ला चेन्नईजवळच्या एका फिल्मसिटीत लाइट लावलेली क्रेन कोसळून तिघांचा मृत्यू झाला. क्रेन, जिब (कॅमेऱ्याची छोटी क्रेन) किंवा टांगलेल्या ट्रसच्या (दिवे लावायच्या सांगाड्याच्या) खाली कुणी बसायचं नाही, मॉनिटर ठेवायचा नाही, जेवणाचं टेबल मांडायचं नाही.

तराफ्यावर किंवा शिडीवर चढणाऱ्यांसाठी काय नियम?

तराफा म्हणजे छताला दोरांनी लटकवलेल्या लाकडी फळ्या, ज्यांवर लाइट दादा पायात चप्पल घालून सराईतपणे फिरतात. सराईतपणा पडण्यापासून वाचवत नाही. हार्नेस घालायचा आणि त्याचा हुक छताच्या पक्क्या गर्डरला लावायचा. तो तराफ्यालाच अडकवला तर तराफ्याबरोबर माणूसही खाली येतो. वर काम चालू असताना खालचा भाग रिकामा, पाना-पक्कड मनगटाला दोरीने बांधलेली.

घोडा शिडी पूर्ण उघडून, पट्ट्या ताणून, एका माणसाने धरून. सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहायचं नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर स्टूल ठेवून बल्ब बदलणाऱ्याला बल्ब लागायच्या आत खाली उतरवा.

सीनमध्ये समई, आरती किंवा होम आहे. खरी आग वापरता येईल का?

मराठी मालिका आणि खरी ज्योत यांची ताटातूट होणं अवघड आहे. गणपती, मंगळागौर, लग्न, सत्यनारायण, वर्षभर काही ना काही असतंच. मागच्या सगळ्या पणत्या एलईडीच्या ठेवा, खरी ज्योत फक्त कॅमेऱ्याच्या अगदी जवळची. फ्रेममध्ये कोण कुठून जाणार ते ज्योत न लावता एकदा करून बघा. नायलॉन-जॉर्जेटची ओढणी आणि मोकळा पदर पिनांनी आवळा, कारण सिंथेटिक कापड जळताना वितळून अंगाला चिकटतं. हेअर स्प्रे मारल्या-मारल्या आरतीसमोर उभं करायचं नाही. सॅनिटायझर लावलेले हात पूर्ण वाळू द्या.

होमासाठी जमिनीवर पत्रा, त्यावर विटा, त्यावर कुंड. वर छत किती उंच आहे ते बघा, तूप किती घालायचं ते आधी ठरवा. कापूर आणि तुपाचा साठा कुंडापासून लांब. फ्रेमबाहेर एक माणूस अग्निशामक सिलिंडर हातात घेऊन उभा, आणि तो टेक बघायला नाही, ज्योत बघायला उभा आहे हे त्याला स्पष्ट सांगा. "कट" झालं की ज्योती विझवायच्या, मोजून. पेटवल्या अकरा आणि विझवल्या दहा, तर अकरावी सापडेपर्यंत पुढचं काम नाही. फटाके, अनार, भुईचक्र बंद जागेत नकोच.

कुठला अग्निशामक सिलिंडर घ्यायचा?

विजेच्या सामानाजवळ कार्बन डायऑक्साइडचा, बाकी जागेत एबीसी पावडरचा. चालू विजेवर पाणी मारायचं नाही, खऱ्या कढईतल्या तेलावर तर कधीच नाही. तिथे गॅस बंद करून झाकण ठेवायचं. सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि तपासणीची तारीख उलटली आहे का, ते बघा. पिन काढून नळी ज्वाळेच्या टोकावर न धरता मुळाशी रोखायची. हातात धरायचा सिलिंडर जेमतेम 10 ते 20 सेकंद चालतो. तेवढ्यात आग आटोक्यात नाही आली तर शूरपणा न दाखवता बाहेर पडा. लहान खोलीत कार्बन डायऑक्साइड मारला असेल तर तिथे थांबूही नका, तो प्राणवायूची जागा घेतो.

स्मोक मशीन आणि ड्राय आइसने काही होतं का?

दोन्हींत फरक आहे. स्मोक मशीनच्या धुराने दमेकऱ्यांना त्रास होतो, जमीन निसरडी होते आणि इमारतीचे स्मोक डिटेक्टर वाजतात. मग कुणीतरी डिटेक्टरवर हातमोजा चढवतो आणि तो हातमोजा तिथेच राहतो. डिटेक्टर बंद करायचाच असेल तर मालकाला कळवून, वेळ लिहून, तोवर पहारा ठेवून, आणि शॉट संपताच पुन्हा चालू.

ड्राय आइस हा गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78.5 अंशांचा. उघड्या हाताने उचलला तर कातडी जळते. त्याचा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. "मृतदेह" म्हणून जमिनीवर पडलेला कलाकार, खड्ड्यात बसलेला फोकस पुलर (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा), लहान मूल, यांच्या नाकाशी तो आधी येतो. शॉट छोटे घ्या, मध्ये दारं उघडा, आणि उरलेला ड्राय आइस घट्ट झाकणाच्या डब्यात भरू नका, डबा फुटतो.

साउंडसाठी एसी आणि पंखे बंद ठेवावे लागतात. उन्हाळ्यात काय?

टेकपुरते बंद, कटनंतर चालू, आणि हे करणारा एक माणूस नेमलेला. जरीचा शालू नेसून किंवा ऐतिहासिक मालिकेचा अंगरखा-चिलखत घालून उभ्या असलेल्या कलाकाराला आधी त्रास होतो, पण ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो म्हणजे वर दिव्यांजवळ बसलेला लाइट दादा. वरची हवा खालच्यापेक्षा बरीच गरम असते. त्याला पाणी वर पोहोचवा, आळीपाळीने खाली उतरवा. ओआरएसची पाकिटं मेकअपच्या खोलीत कुलपात न ठेवता पाण्याच्या जारजवळ ठेवा.

बारा तासांची शिफ्ट सोळावर गेली की हात चुकतात. रात्री पॅकअप करून पहाटे पुन्हा कॉल देणाऱ्या युनिटने अपघाताची कारणं वायरिंगमध्ये शोधू नयेत.

लहान मुलं असतील तर?

कायद्याप्रमाणे मुलांकडून दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते, आणि जास्तीत जास्त 5 मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी. "आई आहे ना सोबत" हे त्या व्यक्तीला पर्याय नाही. मुलं सेटमागच्या गल्लीत लपाछपी खेळतात हे गृहीत धरूनच ती गल्ली बंद करा.

नकली बंदूक किंवा तलवार?

21 ऑक्टोबर 2021 ला अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये तालमीच्या वेळी बंदुकीतून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार महिलेचा जीव गेला. छोट्या युनिटने रबरी किंवा खेळण्यातलीच बंदूक वापरावी, आगीचा लोळ नंतर संगणकावर टाकता येतो. तलवारी बोथट, टोकं गोल, आणि सीन नसताना पेटीत. लोखंडी तलवार घेऊन सेल्फी काढणाऱ्यांकडून त्या काढून घ्या.

काम थांबवण्याचा अधिकार कुणाला?

सगळ्यांना. स्पॉट दादालासुद्धा. शब्द एकच ठरवा, "थांबा", आणि तो ऐकला की कॅमेरा चालू असला तरी सगळ्यांनी जागेवर थांबायचं. पण सगळ्यांना अधिकार म्हटलं की जबाबदारी कुणाचीच उरत नाही, म्हणून एका माणसाचं नाव कॉलशीटवर छापा. तो शक्यतो दिग्दर्शक नको, कारण त्याला शॉट हवा असतो, आणि निर्माताही नको, कारण त्याला दिवस संपायला हवा असतो. "थांबा" म्हणणाऱ्यावर एकदा जरी कुणी खेकसलं, तर त्या युनिटमध्ये तो शब्द पुन्हा ऐकू येणार नाही.

जागेच्या मालकाकडून कुठले कागद मागायचे?

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली ज्या इमारतींना अग्निसुरक्षा यंत्रणा लागते, त्यांच्या मालकाला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, ती चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्याला फॉर्म बी म्हणतात. तो बघायला मागा. मालक चिडला तर तेही एक उत्तरच आहे. शिवाय मंजूर वीजभार किती ते बिलावर छापलेलं असतं, आणि विमा शूटिंगला लागू आहे का ते वाचून घ्या. तुमच्या युनिटच्या माणसांचा अपघात विमा हा वेगळा खर्च, तो बजेटमध्ये पहिल्यापासून धरा.

अपघात झालाच तर पहिल्यांदा काय?

शॉक लागलेल्याला हात लावायच्या आधी मेन बंद. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 दाब, मदत येईपर्यंत. भाजलं तर साधं वाहतं पाणी 20 मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नाही. 112 किंवा 108 ला फोन, आगीसाठी 101. फोन करणाऱ्याला पत्ता माहीत नसतो, म्हणून पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि भाजलेल्या रुग्णाला घेणारं जवळचं हॉस्पिटल हे सगळं कॉलशीटच्या वरच्या कोपऱ्यात. एक माणूस फाटकापाशी, ॲम्ब्युलन्सला आत आणायला.

पॅकअपनंतर काही करायचं असतं का?

जून 2025 मध्ये गोरेगावच्या चित्रनगरीत एका मालिकेचा सेट पहाटे, शूट सुरू व्हायच्या आधी जळाला. म्हणजे रिकामा सेटही सुरक्षित नसतो. मेन बंद करा, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या काढा, होमाची राख आणि विड्या-सिगारेटची थोटकं भिजवा, थिनरच्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. सगळे गेल्यावर अर्ध्या तासाने एकाने पुन्हा फेरी मारायची. वॉचमनला मेन स्विच आणि दोन्ही दारांच्या चाव्या दाखवून ठेवा.

चित्रनगरीत बिबट्या येतो हे खरं आहे का?

खरं आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान लागूनच आहे, आणि जुलै 2023 मध्ये एका मराठी मालिकेच्या चालू सेटवर बिबट्या शिरल्याची दृश्यं सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथे शूट असेल तर उरलेलं जेवण रात्री उघड्यावर टाकू नका, त्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. अंधारात एकट्याने टॉयलेटला जायचं नाही, वरच्या तराफ्यांवर आणि फ्लॅटमागे सकाळी टॉर्च मारूनच शिरायचं. पावसाळ्यात साप केबलच्या ढिगात सापडतात, म्हणून केबल उचलताना आधी काठीने हलवा. बिबट्या दिसला तर व्हिडिओ काढत जवळ जाऊ नका, पळूही नका. सगळ्यांनी एकत्र मागे सरत दारं लावून घ्या आणि वन विभागाला कळवा.